डोलकाठीवर मांडणी

"वल्ही काढ भायर," आई म्हणाली.

मामानं ऐकू न आल्याचं सोंग केलं. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा सदरा आणि कमरेला रोजचीच दुमडलेली लुंगी अशा थाटात तो गुडघाभर पाण्यात उभा होता. होडीत माझं रुखवत चढवणं चाललं होतं.

"दादा, वल्ही काढ. मांडणी र्‍हवत नाय."

"मांडणी ठेव घराक. मी उद्या घेऊन येतंय."

"रुखवतातली मांडणी उद्या? मग आज विहीणबाईसमोर काय मांडू? तुझो फेटो?"

"अगो, वारो पडलो तर होडी काय हातान ढकलू?"

"माघात वारो पडणा नाय, असा तू गावभर सांगत फिरतंस. आता तुझा तुकाच खरा वाटणा नाय?"

हे वर्मी बसलं. मामाला, म्हणजे बाळगो तांडेलाला, कुणी काहीही म्हणावं, पण त्याच्या वाऱ्याच्या ज्ञानावर बोट ठेवू नये. त्यानं दोन्ही वल्ही उचलली, किनाऱ्यावरच्या माडाला टेकवून ठेवली, आणि त्यांच्या जागी माझी भांड्यांची स्टीलची मांडणी आडवी झाली. आमच्या घरात आईशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

तो माझ्या लग्नाचा दिवस होता. वऱ्हाड पहाटेच ट्रकमधून रस्त्यानं गेलं होतं, मोठा वळसा घालून. नवरीनं मात्र खाडी ओलांडून शिडाच्या होडीतूनच सासरी जायचं, असा मामाचा हट्ट. माझे वडील मी रांगत होते तेव्हाच गेले, मामानंच मला वाढवलं, त्यामुळे त्याचा हट्ट मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. होडीत आम्ही चारच माणसं होतो. सुकाणूवर मामा, मधे आई आणि मी, आणि पुढच्या टोकाला धाकू ताशेवाला. धाकू ट्रक सुटला तेव्हा झोपला होता, म्हणून आमच्या वाट्याला आला. होडीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं ताशा पोटाशी धरला आणि डोळे मिटले, कारण त्याला दर्या सोसत नसे.

मांडणीचं आईला एवढं का, ते सांगते. तिच्या स्वतःच्या लग्नात रुखवतात मांडणी नव्हती. माझ्या आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, हे तिला आयुष्यभर ऐकवलं. भात करपला तरी मांडणी निघायची, पाऊस लांबला तरी मांडणी निघायची. म्हणून माझं लग्न ठरल्यावर आई बाजारातल्या वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसली आणि तिनं अशी मांडणी करवून घेतली, की ती हलवायला दोन माणसं लागत. मागे अख्खा पत्रा, दोन्ही अंगांना पत्रे, मधे आडव्या फळ्या, आणि सगळं आरशासारखं लखलखीत. विहिणीनं बघायच्या आधी तिला कुणाचं बोटही लागू नये, म्हणून आईनं ती जुन्या लुगड्यात गुंडाळली होती.

आणि नवरा? नवऱ्याचं तर वेगळंच.

आमच्या खाडीच्या तोंडाशी खनिजाचं बंदर आहे. आमची अख्खी वाडी मावेल एवढाली जहाजं तिथे येतात. खाडीच्या मधोमध खुणेचे तरंगते बोये लावून त्यांच्यासाठी खोल पाण्याची वाट आखलेली आहे, तिला सगळे चॅनेल म्हणतात. पलीकडच्या टेकडीवर बंदराची केबिन आहे. तिथे बसून रडारच्या पडद्यावर जहाजं बघायची आणि वायरलेसवर त्यांच्याशी बोलायचं, ही मुकुंद कुबलची नोकरी. बघायला आला तेव्हा मी पोहे घेऊन बाहेर आले. लोक मुलीला विचारतात, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मुकुंदनं बशी हातात घेतली, खाली बघितलं आणि मामाला विचारलं, "तुमची होडी लाकडाची काय?"

"मग काय मातयेची?" मामा म्हणाला.

"नाय, लोखंडाचा काय बसवलेला आसा काय तिच्यार?"

तेवढंच. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. बोलला तो होडीबद्दल. तरी त्यांच्याकडून होकार आला, आणि हुंडा नको असंही कळवलं. आईनं देवाला नारळ दिला. मग साखरपुड्याला मुकुंद एक वस्तू घेऊन आला. ताटाएवढे पत्रे एकमेकांत काटकोनात बसवून केलेलं, आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखं काहीतरी. मला वाटलं, शोभेचं असेल. त्यानं ते मामाच्या हातात दिलं.

"आमचा मागणा एकच," तो म्हणाला. "ह्या होडयेच्या काठीर लावा. लाकडाची होडी रडाराक दिसणा नाय. पत्र्याचो असो कोन असलो की लगेच ठिपको उमाटता. धुक्यात जहाजवाल्यांका तुमी दिसूक होयात."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझी होडी अख्ख्या खाडीक दिसता. तुमच्या पडद्याक दिसणा नाय तर पडद्याचो डोळो तपासून घ्या!"

"मामानू, चॅनेलातला जहाज..."

"आगबोटीक इंजिन, माका वारो. इंजिनवाल्यान शिडवाल्याक वाट सोडूची, ह्यो दर्याचो कायदो. माझ्या बापाशीन गोऱ्या सायबाची आगबोट वळवल्यान हुती!"

"कायदो मोकळ्या दर्यात खरो. चॅनेलात तेका वळूक जागाच नाय. थय आपणच बाजूक होवचा लागता."

मामानं पुढे ऐकलंच नाही. हा तर मानपानाचा प्रश्न झाला. हुंडा मागितला असता तर मामानं होडी विकून दिला असता, पण होडीला पत्रा लावा म्हणजे होडीला नावं ठेवणं. तो पत्र्याचा कंदील दुसऱ्या दिवशी परसात भोपळ्याच्या वेलावर टांगला गेला, पोपट हाकलायला. पोपटांना तो फार आवडला. ते त्यावर बसायला लागले.

मी मात्र रात्ररात्र विचार करायची. सख्या-सोबतिणींना साखरपुड्यात साडी मिळाली, घड्याळ मिळालं, एकीला तर अत्तराची कुपी मिळाली. मला पत्रा. तोही माझ्यासाठी नव्हे, होडीसाठी. ह्या माणसाच्या मनात मी आहे की नाही, हे लग्नाच्या सकाळी होडीत बसतानाही मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

निघालो तेव्हा झकास वारा होता. शीड फुगलं. मामा मिशीला हात लावून आईकडे बघत होता, म्हणजे बघ, वल्ही लागली का? किनारा मागे पडला आणि धुकं उतरू लागलं. आधी माडांचे शेंडे गेले, मग पलीकडची टेकडी गेली. मग मामाचा फेटा दिसत होता, मामा दिसत नव्हता.

"दादा, खयपर्यंत इलाव?" आईनं विचारलं.

"बरोबर जातंव."

"बरोबर म्हणजे खय?"

तेवढ्यात उजव्या हाताला काहीतरी काळं आणि उंच पुढे सरकलं. बोया होता. होडी त्याला घासूनच गेली. बोया म्हणजे चॅनेलाची कड, एवढं मलासुद्धा कळत होतं.

आणि तिथे वारा पडला. शीड एकदा फडफडलं आणि लोंबकळलं, मांडवातल्या झालरीसारखं. होडी जागच्या जागी डुलायला लागली.

मग आई हळूच म्हणाली, "वल्ही..."

"माडाक टेकून आसत," मामा म्हणाला. "बऱ्या सावलेक."

मग तो आवाज आला. लांबलचक, खोल, पोटात घुमणारा. जहाजाचा भोंगा. धाकूनं डोळे उघडले.

"ह्या काय वाजला?"

"आगबोट," मामा म्हणाला. "घाबरा नको. शीड बघल्यान की ती वळतली."

"मामा," मी म्हटलं, "माकाच तुझा शीड दिसणा नाय. तिका खयसून दिसात?"

भोंगा पुन्हा वाजला. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. कधी वाटे समोरून येतोय, कधी पाठीमागून. पण जवळ येत होता, हे चौघांनाही कळलं. मामानं हात पाण्यात घालून वल्हवून बघितलं. आईनंही दुसऱ्या बाजूनं हात घातला. होडी स्वतःभोवती गोल फिरली आणि धाकूला ओकारी झाली.

तेव्हा मला पत्र्याचा कंदील आठवला. भोपळ्याच्या वेलावर, पोपटांसकट. त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, आणि आम्ही ती पोपटांना दिली. मला रडू आलं. मरणाची भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की तो तिकडे मांडवात उभा राहील, आणि आम्ही कुठे गेलो हे त्याला कधी कळणारसुद्धा नाही. मी डोळे पुसायला पदर शोधत होते, आणि हात लागला लुगड्यात गुंडाळलेल्या थंडगार कोपऱ्याला.

मागचा पत्रा. बाजूचा पत्रा. आडवी फळी. एकमेकांशी काटकोनात.

"मामा, शीड उतरव!"

"काय?"

"शीड उतरव, आणि तेच्या दोरीक मांडणी बांध. मांडणी काठीर चढवूची."

आईचं पहिलं म्हणणं आलं ते असं, "शिरा पडो तुझ्या तोंडार!"

"आये, मांडणेक कोन आसत. तेंच्या त्या पत्र्याक होते तसेच. पडद्यार दिसात ती."

"विहिणीन बघूच्या आधी? रुखवत? काठीर टांगून? लोक काय म्हणतले?"

"लोक काय म्हणतले ता आयकूक जिवंत र्‍हवूक नको?"

भोंगा वाजला. ह्या खेपेला होडीच्या फळ्या थरथरल्या. आईनं माझ्याकडे बघितलं, मांडणीकडे बघितलं, आणि लुगड्याच्या गाठी सोडायला घेतल्या. आतल्या एकेका खणातून वस्तू बाहेर येऊ लागल्या. साखरेचं तुळशीवृंदावन धाकूच्या मांडीवर गेलं. करंज्यांचा डबा, तांब्या-भांडं, लोकरीचे पोपट, सगळं माझ्या ओटीत. एवढ्या गडबडीतही आई बजावत होती, "धाकू, वृंदावनावर ओकलंस तर तुका पाण्यात टाकीन."

मामा मात्र शिडाच्या दोरीला हात लावेना. "शीड उतरवलेली होडी म्हणजे लाकडाचो ओंडको," तो म्हणाला. "मगे तिका कसलो मान?"

"दादा," आई म्हणाली, "मी माझी मांडणी दिलंय. तू तुझा शीड दी."

मामानं फेटा सारखा केला, दोरी सोडली आणि शीड खाली घेतलं. उतरत्या शिडाकडे त्यानं बघितलं नाही. मग आम्ही दोघींनी दोरी ओढायला सुरुवात केली. अंगावर शालू, हातात हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या, आणि मी डोलकाठीवर स्टीलची मांडणी चढवत होते. अर्ध्या वाटेवर ती काठीला धाडकन आपटली. आईच्या तोंडून असा आवाज आला, जणू तिचीच बरगडी मोडली. पण तिनं दोरी सोडली नाही. मांडणी शेंड्याला पोचली, मामानं गाठ मारली, आणि ती वर धुक्यात गडप झाली.

"आता काय?" धाकूनं विचारलं.

"आता बोंबलूचा," मी म्हटलं. "दिसलाव तर दिसलाव, नाय तर आयकूक तरी येवदे. वाजय तो ताशा!"

"तुळशी कोण धरीत?"

तुळशीवृंदावन आईनं घेतलं. धाकूनं ताशा सुरू केला. लग्नातलंच काहीतरी वाजवत होता बिचारा, त्याला दुसरं येत नव्हतं. आणि मामानं, शीड गेलेल्या होडीत ताठ उभं राहून, दोन्ही हात जोडून गाऱ्हाणं घालायला घेतलं. गाऱ्हाणं तो गावच्या जत्रेतही घालतो, आणि त्याचा आवाज तीन वाड्यांना ऐकू जातो.

"बा देवा समुद्रनारायणा! बारा वाटांच्या, बारा बंदरांच्या मालका! आज माझी भाची उजवूक चलली हा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही तिघं ओरडलो.

"तिच्या वाटेत जी काय आडवी तिडवी आगबोट इली आसात, तिचा इंजिन बंद पाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि माझ्या भयणीच्या डोक्यात वल्ही काढूची बुद्धी घालणाऱ्याचा काय ता बघून घे रे महाराजा!"

"व्हय महा... दादा!"

आणि तेव्हा आभाळ कोसळल्यासारखा खडखडाट झाला. साखळीचा. जहाजाच्या नांगराची मोठी साखळी धडधडत पाण्यात जात होती, जातच होती. धाकूचा ताशा थांबला. मामाचे हात जोडलेलेच राहिले. साखळी थांबली, आणि मग इतकं शांत झालं की आईच्या हातातल्या वृंदावनावरची साखर खाली पडल्याचंसुद्धा ऐकू आलं असतं.

धुकं वरून विरळ होऊ लागलं. आधी आमची मांडणी दिसली, उन्हात लखलखणारी. मग तिच्यामागे, आमच्या शाळेच्या मैदानाएवढ्या अंतरावर, एक काळी भिंत दिसली. भिंत वर जात होती, जातच होती, आणि अगदी टोकाला कठड्यावरून काही परदेशी खलाशी वाकून खाली बघत होते. त्यांना काय दिसलं असेल ते असो. गुलाबी फेट्याचा एक म्हातारा, शालू नेसलेली नवरी, साखरेची तुळस घेतलेली बाई, हिरवागार पडलेला ताशेवाला, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर भांड्यांची मांडणी. त्यातल्या एकानं मामाला सलाम ठोकला.

मामानं सलाम घेतला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "बघलात? वळली नाय, पण थांबली मां?"

थोड्याच वेळात बंदराचा टग, म्हणजे जहाजं ओढणारी छोटी बोट, आला. त्याच्या पुढच्या टोकावरचा खलाशी ओरडत होता, "व्हय महाराजा म्हणतत ती होडी खय आसा?" त्यानं आम्हाला दोर टाकला आणि ओढत पलीकडच्या धक्क्याकडे नेलं. वाटेत आई एकच वाक्य परत परत म्हणत होती, "मांडणी खाली घेवया, कोण बघीत." पण गाठ मामाची होती, आणि ती ताणानं अशी आवळली होती की सुटेना. अशा तऱ्हेनं माझं रुखवत अख्ख्या बंदरानं, बंदरातल्या हमालांनी, आणि एका विलायती जहाजानं, विहिणीच्या आधी बघितलं.

धक्क्यावर एक पिवळा माणूस उभा होता.

खरंच पिवळा. डोक्यापासून पायापर्यंत हळद, ओलं धोतर, उघडं अंग, कपाळावर मुंडावळ्या. हळद लागलेल्या नवऱ्यानं उंबरठा ओलांडायचा नसतो, आणि हा टेकडीवरून धावत खाली आल्यासारखा धापा टाकत होता. मी मान वर करते न करते तोच आई किंचाळली.

"अंतरपाट! मुहूर्ताआधी एकमेकांचा तोंड बघुचा नाय! दादा, शीड! शीड धर मधी!"

मामानं आणि धाकूनं ओलं शीड उचलून माझ्यासमोर धरलं. मघाशी उतरलेल्या शिडाला पुन्हा मानाचं काम मिळालं, म्हणून मामा खूश होता. शिडाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला तो. मला फक्त कापडाखालून दोन पिवळी पावलं दिसत होती.

"कोण ता?" मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

"मी. मुकुंद."

"तुमी हय कशाक? हळद लागली हा मां?"

"लागली हा." एक पाऊल दुसऱ्यावर चढलं. "न्हाणावर बसलेलंय. धुकां बघलंय आणि तसोच केबिनीत गेलंय. माका म्हायत हुता, तुमी निघालेले आसतलास. जहाज चॅनेलात शिरलेला. पडद्यार जहाज, बोये, टग, सगळा दिसा. तुमी नाय. ड्युटीवरच्याक सांगूक लागलंय, जहाज थांबवा. तो म्हणता, कशासाठी थांबवू? पडद्यार कायच नाय. मी रिकाम्या पडद्याकडे बोट दाखयत बसलंय." त्याचा आवाज बसला होता. "आणि मगे एकदम ठिपको उमाटलो. केवढो! तो घाबारलो, म्हणता, चॅनेलात दुसरा जहाज खयसून इला? तेनी लगेच वायरलेसवर थांबवल्यान. काय लावलेलास तुमी?"

"मांडणी," मी म्हटलं.

शिडाखालची पिवळी पावलं डोलकाठीच्या दिशेनं वळली. मग म्हणाला, "बरी आसा."

मला हसूही आलं आणि रागही आला. "तुमका माझ्यापेक्षा होडयेचीच काळजी जास्त," मी म्हटलं. "बघूक इलास तेव्हाय होडी. साखरपुड्याक होडी. माझ्याशी कधी धड बोललासय नाय."

"होडयेची?" तो म्हणाला. "होडी काय करूची हा माका? तू रोज तिच्यातसून ह्या बाजूक शिवणाच्या क्लासाक यायचंस. मी वरसून बघी. ऊन असला म्हणजे डोळ्यांनी दिसायचंस. धुकां पडला की पडद्यार बघी, आणि पडद्यार सगळ्या खाडयेत तू तेवढी नसायचंस. होडी लागली असा खालसून कोणीतरी सांगीपर्यंत माका चायसुद्धा जायत नसे."

शीड धरलेल्या मामाचे हात जरा खाली आले. आईनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा ते परत वर गेले.

"मग ह्या सांगूक काय झालेला?" मी विचारलं. नथ ओली झाली होती.

"सांगलंय मां," तो म्हणाला. "पत्रो दिलंय."

पुढचं काही मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मी शिडाला तोंड लावून हमसून रडले आणि शिडाला माझं कुंकू लागलं. ते कुंकू मामानं पुढे कधीच धुवू दिलं नाही.

लग्न मुहूर्तावर लागलं. रुखवत मांडलं तेव्हा आईनं मांडणी भिंतीला अशी टेकवली होती, की आपटून पोचा आलेली बाजू कोपऱ्यात जावी. पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी मांडणी पुढे ओढली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या काय?"

आजीचं सगळं आयुष्यभराचं बोलणं त्या एका पोच्यात येऊन बसलं होतं.

"पोचो," आई म्हणाली.

सासूबाईंनी जमलेल्या बायकांकडे वळून बघितलं. "माझी सून ह्या मांडणेन सुखरूप माझ्या दारात हाडलल्यान," त्या म्हणाल्या. "कोणी नाव ठेवल्यान तर आधी माका येऊन भेटाचा." मग त्यांनी मांडणीला हळदकुंकू वाहिलं. आईनं पदर डोळ्यांना लावला तो जेवणं होईपर्यंत काढला नाही.

मामा पुढच्या आठवड्यात आला तेव्हा होडीच्या डोलकाठीवर पत्र्याचा कंदील होता. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "भोपळे संपले. थय तेचा काय काम उराक नाय, म्हणान हय लावलंय." मुकुंदनंही मान डोलावली आणि भोपळ्यांची चौकशी केली.

ती मांडणी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. पोच्यामुळे मधल्या फळीवर ताट नीट राहत नाही, घसरून पडतं. नवी घेऊया असं घरात कुणी म्हणत नाही. मुकुंद आता निवृत्त झालेत, मामा आणि आई दोघंही गेली, आणि खाडीत लोखंडी फेरीबोट चालते, तिच्यावर मोटारीसुद्धा चढतात. मी माहेरच्या घरी फेरी मारायला निघाले की हे स्वयंपाकघरात जातात, ती घसरणारी फळी चाचपतात आणि त्यातलं एक स्टीलचं ताट माझ्या पिशवीत घालतात.

"आवो, बोट लोखंडाची आसा," मी म्हणते. "ती सगळ्या जगाक दिसता."

"बोट दिसात," हे म्हणतात. "असूदे."

पिशवी जड होते, खांदा दुखतो. पण ताट मी आजवर एकदाही घरी ठेवून गेलेले नाही.